दंड आहे, पण भलत्याच माणसाला

राजेहो, जरा लांब लिहितोय. सवड असेल तर वाचा, नाहीतर लाइक ठोकून पुढं जा.

"गावात दंड नाही, म्हणून लोक ऐकत नाहीत" हे वाक्य प्रत्येक ग्रामसभेत कुणीतरी बोलतंच. मला ते पटत नाही. दंड आहे, अन् चांगला कडक आहे. फक्त नळाला टिल्लू मोटार (नळातलं पाणी ओढून घेणारा छोटा पंप) लावणारा त्यातून सुटतो आणि तक्रार करणारा सापडतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, तोही थोडाच वेळ. पाणी सुटलं रे सुटलं की वरच्या वार्डात टिल्लू घुर्र करायला लागतात. खालच्या वार्डात बाया पाण्याचे गुंड लावून बसलेल्या, तोटीला कान लावला तर नुसती हवा फुसफुसते. पाणीपट्टी मात्र दोन्हीकडं सारखीच. एका काकूनं ग्रामपंचायतीत जाऊन नावानिशी सांगितलं, कोणाकोणाकडं मोटार आहे ते. मोटार कोणाचीच जप्त झाली नाही. पण पेरणीच्या तोंडावर काकूच्या वावरात ट्रॅक्टर काही येईना. "उद्या येतो, काकू." असे कितीतरी उद्या गेले. अन् पारावर बोलणं काय, तर "लय कायदा शिकून राह्यली बुढी!" याला दंड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

अर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी झुरिकमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन एक खेळ मांडला होता, 2002 साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. चौघांचा गट, प्रत्येकाकडं 20 नाणी. सामायिक डब्यात एक नाणं टाकलं की चौघांनाही प्रत्येकी 0.4 नाणं मिळतं. म्हणजे सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाच्या हाती 32 येतात. पण स्वतः न टाकता बाकीच्यांच्या जिवावर बसणारा त्याहून जास्त कमावतो. आपली नळयोजनाच की! मग नियम केला की स्वतःचं एक नाणं खर्च करून दुसऱ्याची तीन कापता येतील. लोकांनी पदरमोड करून फुकट्यांना कापलं आणि डबा भरू लागला. इथवर वाचून आपले दंडवाले खूश होतील.

पुढचं ऐका. 2008 साली गेख्टर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हाच प्रकार जगातल्या 16 ठिकाणी केला. भारतातलं त्यात एकही नव्हतं. बॉस्टन, कोपनहेगनकडं दंड बहुतेक फुकट्यांनाच झाला. पण अथेन्स, मस्कत, रियाध अशा ठिकाणी लोकांनी डब्यात जास्त टाकणाऱ्यालाही झोडपलं! तिथं दंडाचा नियम असूनही डबा फारसा भरला नाही. जिथं कायद्यावर विश्वास कमी आणि सार्वजनिक गोष्टीत फसवणं फारसं वाईट मानत नाहीत, तिथं हे जास्त दिसलं. मी वाचलं तेव्हा डोळ्यासमोर काकूचं वावरच आलं.

मग नुसती रक्कम वाढवून काय होणार? इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांत मुलं न्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना दंड लावून पाहिला, तर उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले. पैसे भरले की उशिराची लाज सरते. दंड काढून टाकला तरी ती लाज परत आली नाही. आपल्याकडं पाचशे रुपयांची पावती फाडून महिनाभर मोटार चालवायला कोण मागं सरेल? उलट पावती दाखवून मिरवेल.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी, कुरणं, जंगल राखणाऱ्या गावांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. टिकलेल्या गावांत त्यांना असं दिसलं की नियम पाळायचे ज्यांना, तेच नियम ठरवतात. पहारा आपलाच माणूस करतो. पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, पुन्हा केली की वाढत जाते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात अजून दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात पाटाच्या पाण्याचे तंटे सुटतात, निवाडा करणारे स्वतः शेतकरी.

स्पेन कशाला, आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा हे गाव आहे. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते. वेळ जातो, मान्य. पण जो माणूस स्वतः हो म्हणालेला असतो, त्याला नंतर "मले कोणी विचारलं होतं?" म्हणता येत नाही. आमच्याकडं कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) नाही म्हणून सभा तहकूब करायची, अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चौघांत ठराव उरकायचा. मग त्या ठरावाला कोण भीक घालणार?

काही पोरं म्हणतात, मोटारवाल्यांना वाळीतच टाका. बाप्पा, हे सुचवूही नका. सामाजिक बहिष्कार आपल्या राज्यात गुन्हा आहे, 2016 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय वाळीत टाकायचं हत्यार एकदा बाहेर निघालं की ते गरिबावर अन् खालच्या वार्डावरच चालतं, हे कुणाला सांगायला हवं का?

माझं म्हणणं एवढंच. पहिल्यांदा मोटार सापडली तर घरी जाऊन समज द्यायची. दुसऱ्यांदा ग्रामसभेत नाव वाचायचं. तिसऱ्यांदा मोटार पंचायतीत जमा, त्यानंतर नळ बंद. पाहणी दोन्ही वार्डांतल्या बायांनी मिळून करायची, म्हणजे एकटी काकू कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही. अन् पहिली पाहणी सदस्यांच्या घरी. दोन सदस्यांकडं मोटार आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे की गावाला माहीत आहे.

26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी हा विषय लेखी दिलाय, पोच घेतलीय. ट्रॅक्टरवाले भाऊ पण यादीत आहेत माझ्या, ते ही पोस्ट वाचतीलच. भाऊ, सभेला या, तिथंच बोलू.