अठ्ठावीस तास म्हणजे उशीर नव्हे

25 जून 2025 ला शुभांशु शुक्ला यांचं ड्रॅगन यान फ्लोरिडाहून सुटलं आणि साधारण 28 तासांनी अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. यावर एक शेरा अजून फिरतोय: रशियाचं सोयूझ तीन तासांत पोहोचतं, मग यांना एवढा वेळ कशाला? ही तुलनाच चुकीची आहे, आणि ती वारंवार होते म्हणून सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर 2020 मध्ये सोयूझ 3 तास 3 मिनिटांत पोहोचलं, हे खरं. पण उड्डाणाची वेळ ठरते ती स्थानकाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती कक्षा ज्या सपाटीत आहे ती, प्रक्षेपण तळावरून जातं त्या क्षणानुसार. स्थानक मात्र तेव्हा त्या कक्षेत कुठेही असू शकतं. सोयूझसाठी स्थानकाची कक्षा आधीपासून जुळवून घेतात. तसं जुळलेलं नसेल तर यान काही काळ खालच्या कक्षेत ठेवतात. तिथे फेरी लहान, वेगही जास्त, त्यामुळे ते हळूहळू स्थानकाला गाठतं. ते तास वाया जात नाहीत.

खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात असते. ड्रॅगनचे थांबे ठरलेले आहेत: 400 मीटर, 220 मीटर, 20 मीटर. परवानगी मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. ताशी 28,000 किलोमीटर वेगाने दोघंही धावत असतात, पण टेकताना एकमेकांच्या तुलनेत वेग असतो सेकंदाला काही सेंटीमीटर.

इथे घाई झाली तर काय होतं, ते या उड्डाणाच्या बरोबर 28 वर्षं आधी, 25 जून 1997 ला रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर दिसलं. प्रोग्रेस हे मालवाहू यान हाताने चालवून जोडायचा प्रयोग होता. अंतर मोजणारं रडार बंद ठेवलेलं, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या चित्रावरून अंदाज बांधायचा. यान वेगात आलं आणि स्थानकाच्या स्पेक्त्र विभागावर आदळलं. हवा गळू लागली. त्या विभागाचं दार लावावं तर त्यातून केबल गेलेल्या! त्या सोडवून, काही कापून मगच झाकण बसलं.

म्हणून यान टेकलं की काम संपत नाही. आधी यानाचं जोडणीचं कडं स्थानकाला नुसतं पकडतं, हेलकावे शमतात, मग 12 हुक घट्ट आवळले जातात. यान आणि स्थानक यांच्या दारांमधल्या चिंचोळ्या पोकळीत हवा भरतात आणि दाब वाचत बसतात. हवा थंड झाली तरी दाब थोडा उतरतो, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत थांबावंच लागतं. नाहीतर गळती कुठली आणि तापमानाचा परिणाम कुठला, हे कळणारच नाही.

26 जून 2025 ला शुभांशु यांचं यान जोडलं गेलं तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार वाजले होते. दार उघडलं पावणेसहाच्या सुमारास. थेट प्रक्षेपणात हे पावणेदोन तास ‘प्रतीक्षा’ म्हणून दाखवू नयेत. दाबाचा आकडा पडद्यावर ठेवावा आणि तो का बघतात, ते लोकांना सांगावं.