संपादन कार्यशाळेआधीची कामं

८ मार्चला कॉलेजात विकिपीडिया कार्यशाळा घेऊन स्त्रियांवरचे लेख वाढवा, ही सूचना एका लेखात वाचली, चांगलीच आहे. फक्त विकिपीडियाची खाती आदल्या दिवशी घरूनच उघडायला सांगा. एका आयपीवरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, दिवसाला साधारण सहाच खाती उघडता येतात. सातवीपासून सगळ्या अडकतात आणि पहिला तास पाण्यात.

लेख उडतात ते बहुधा संदर्भांअभावी. व्यक्तीची स्वतःची वेबसाइट किंवा संस्थेचं माहितीपत्रक चालत नाही, स्वतंत्र स्रोत लागतो. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या इंग्रजी लेखाचा मसुदा मे २०१८मध्ये याच कारणाने नाकारला गेला आणि ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळालं! तेव्हा कात्रणं, गौरवग्रंथ आधी जमवा, नावं मग ठरवा.

आपल्याकडे आणखी एक घोळ म्हणजे माहेरचं नाव. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ची, लग्नाआधीची, म्हणून स्रोत 'भागवत' नावानेही शोधावे लागतात. 'कमला भागवत'वरून पुनर्निर्देशन हवंच, म्हणजे ते नाव शोधलं तरी सोहोनींचंच पान उघडेल. आणि त्या पानाचा दुवा जैवरसायनशास्त्राच्या लेखातून द्या. नुसत्या 'भारतीय महिला' या वर्गात (विषयवार यादीत) टाकलेलं पान कोण उघडतंय?