पहाऱ्याच्या फळ्यावर म्हाताऱ्यांची नावं

"झालं की आता सगळं, निवांत हरिहरि करा." साठी उलटलेल्या माणसाला हे दर लग्नाकार्यात ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण मला हे पटत नाही. हरिनाम घ्यायचं म्हणजे कामातून अंग काढून घ्यायचं, हे कुठल्या संताने सांगितलं?

गाडगेबाबांचं शेवटचं वर्ष बघा. जन्म 1876 चा. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याला कीर्तनाला उभे राहिले तेव्हा वय ऐंशी. त्याच वर्षी 20 डिसेंबरला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, प्रवासातच गेले. पंढरपुरात, नाशकात, आळंदीत त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः कुठल्याही धर्मशाळेत म्हातारपण काढत बसले नाहीत.

दुसरं उदाहरण वेगळ्या धर्मवाटेचं आहे, पण तुकोबांच्या पालखीच्या वाटेपासून फार लांबचं नाही. पालखी यवतहून वरवंडला जाते, त्या रस्त्यावर चौफुल्याला केडगावचा फाटा लागतो. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचा आश्रम, आहे. बाईंना ऐकू कमी यायचं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण बायबल साध्या मराठीत आणायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही. भाषांतराची छपाईची मुद्रितं तपासून हातावेगळी केली आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या वयात मुळाक्षरांपासून नवी भाषा शिकायची म्हणजे मी शहाणा आहे, माझं शिकून झालंय, हा ताठा आधी खाली ठेवावा लागतो. मला वाटतं वय वाढल्यावर देवापुढे तीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते. गुडघ्यांचं दुखणं त्यामानाने सोपं.

आमच्या सप्ताहात हे मी जवळून पाहिलंय. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नेम, म्हणून एकेकाने आळीपाळीने ती गळ्यात घेऊन पहारा द्यायचा. देवळात खांबाला काळा फळा टांगलेला असतो, त्यावर खडूने पहाऱ्याच्या वेळा आणि नावं. संध्याकाळच्या पहाऱ्याला नावांची कमी नसते, मंडपात गर्दी असते, सगळे बघत असतात. रात्री दोन ते चार कोरं राहतं. आमच्याकडचे एक आजोबा एके काळी चालीचे गायक, त्यांनी गवळण उचलली की पखवाजवाला सरसावून बसायचा. पुढे दम्याने आवाज गेला. त्यांनी पोरांना चाली बसवून दिल्या, गायकांच्या रांगेतली आपली जागा मोकळी केली आणि फळ्यावर दोन ते चारसमोर नाव लिहायला सांगितलं. तशीही झोप लागत नाही, म्हणाले. कानटोपी, खांद्यावर घोंगडी, गळ्यात वीणा. एका हाताने तार छेडत, दुसऱ्या हाताने चिपळ्या वाजवत, पुटपुटल्यासारखं रामकृष्णहरी. चारला काकड्याची मंडळी डोळे चोळत आली की पुढच्याच्या गळ्यात वीणा घालायची आणि त्याच्या पायाला हात लावायचा. तो नातवाच्या वयाचा असला तरी. पोरगं संकोचायचं, आजोबा नाही.

याला मी सेवेला मोकळं राहणं म्हणतो. काल मान मिळाला ते काम आज आपल्याच्याने होत नसेल, तर दुसऱ्याला शिकवायचं आणि जे पुढ्यात येईल ते घ्यायचं.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती आम्हा वयस्करांनीच ऐकायला हवी. देवस्थानच्या कमिटीत वीस-वीस वर्षं एकच खुर्ची धरून बसायचं, पोरांच्या हाती हिशेबाची वही द्यायची नाही, हार कुणाला आधी घालायचा यावर रुसायचं. देवाच्या नावाखाली चाललं तरी ती सेवा नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. सेवा आपण निवडली तशीच राहावी, हा हट्ट कुणापुढे धरायचा?

आणि जे अंथरुणाला खिळलेत? माझी आत्या शेवटची काही वर्षं खाटेवरच होती. भेटायला येणाऱ्याला ती घरच्यांची नावं विचारून घ्यायची, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं लग्न अडलेलं. रात्री माळ ओढताना एकेकाचं नाव घेऊन विठ्ठलाला साकडं घालायची. पुढच्या वेळी तोच माणूस आला की आधी पोरीचं विचारायची. गावातल्या धडधाकट माणसांपैकी कितीजण एवढी आठवण ठेवून दुसऱ्यासाठी मागतात?

तरुण मंडळींना एकच विनंती. सप्ताहाच्या पावत्या फाडायला तुम्ही आम्हा म्हाताऱ्यांकडे आवर्जून येता. तसेच यंदा पहाऱ्याचा फळा भरायच्या आधीही या. कुणाला उभं राहवत नसेल तर तो पंगतीची भाजी निवडेल, पोरांकडून हरिपाठ पाठ करून घेईल, चपलांपाशी बसेल. परस्पर "त्यांना कशाला त्रास" म्हणून नाव गाळू नका. दोन ते चारसमोर यंदा माझं नाव लिहा, आणि माझ्यासोबत एखादं शिकाऊ पोरगंही द्या.