जहाजावरचे जेवण आणि आपल्या पुरुषांची थ्री-फोर्थ

आज कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या क्रूझच्या सहलीची बैठक झाली. सहल नेणाऱ्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले की प्रवासात दोन रात्री 'फॉर्मल' असतील आणि त्या रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये जेवायला येताना पुरुषांनी सूट किंवा कोट-टाय घालावा. एरवीही तेथे संध्याकाळी फुल पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट हवेत. त्यावर मागच्या रांगेतील एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आम्ही काय लग्नाला चाललोय व्हय? एवढं पैसं भरल्यात, आम्ही थ्री-फोर्थवरच जेवणार!" आजूबाजूचे पुरुष हसले. त्यांच्या पत्नी मात्र शेजारी बसून कोणत्या रात्री कोणती साडी नेसायची, याची यादी करत होत्या. घरी आल्यावरही माझा राग शांत होईना, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या सहलीत आमच्यासोबत असलेल्या एका वहिनींची मला आज फार आठवण झाली. आगीच्या धोक्यामुळे जहाजावरच्या केबिनमध्ये स्वतःची इस्त्री वापरू देत नाहीत, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. म्हणून त्यांनी आपली पैठणी कोल्हापुरातच इस्त्री करून, जुन्या सुती साडीत गुंडाळून, सबंध विमानप्रवासात हातातल्या पिशवीतून आणली होती. फॉर्मल रात्री त्या तयार होऊन निघाल्या तेव्हा शेजारी भाऊजी बर्मुडा आणि गोल गळ्याच्या टी-शर्टात. दारावरच्या वेटरने अगदी अदबीने सांगितले की कपडे बदलून या, नाहीतर वरच्या मजल्यावर बुफे सुरू आहे. भाऊजी चिडले, "चल वर" म्हणाले आणि चालू लागले. वहिनी त्यांच्या मागे गेल्या. पोहण्याच्या तलावातून थेट आलेल्या, खांद्यावर टॉवेल टाकलेल्या माणसांच्या रांगेत पदर सावरत, हातात ताट धरून त्या उभ्या राहिल्या. डायनिंग हॉलच्या बाहेर त्या रात्री जहाजाचे छायाचित्रकार जोडप्यांची छायाचित्रे काढत होते. वहिनींचे ते छायाचित्र निघालेच नाही.

बायकोने ब्लाउज, फॉल, दागिने आणि केस यांचा महिनाभर विचार करायचा आणि नवऱ्याने गच्चीवर झाडांना पाणी घालताना घालतो त्याच कपड्यांत तिच्या शेजारी बसायचे, हे आपण किती दिवस चालवून घेणार आहोत? पैसे तिच्याही वाट्याचे भरलेले असतात. आणि पैसे भरल्याने जेवणाच्या टेबलाचा मान राखायची गरज संपते, हा विचार या पुरुषांच्या डोक्यात आला तरी कुठून? हेच गृहस्थ मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात फेटा बांधून पहिल्या पंगतीला बसतात.

सुट्टीवर मोकळेपणा हवा, हे मला मान्य आहे. काही कंपन्यांच्या जहाजांवर फॉर्मल रात्रीची सक्ती नसते, हेही खरे. अशा जहाजावर जरूर जा. पण नियम आधी सांगणाऱ्या जहाजाचे तिकीट काढायचे आणि दारात जाऊन हुज्जत घालायची, याला मोकळेपणा म्हणत नाहीत. उकाड्याचे कारण तर कोणी सांगूच नये, कारण तो हॉल वातानुकूलित असतो आणि बायका तेथे शाल घेऊन बसतात.

"हे इंग्रजांचे चोचले आहेत" असेही आज एक जण म्हणाले. मग इंग्रजी कोट घालू नका, बंदगळा घाला! क्युनार्डसारखी जुन्या वळणाची ब्रिटिश कंपनीसुद्धा आपल्या गाला म्हणजे फॉर्मल संध्याकाळी टक्सिडो किंवा गडद सुटाप्रमाणेच औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालवून घेते. शाहू महाराजांच्याही आधी करवीरच्या गादीवर असलेले राजाराम महाराज 1870 मध्ये विलायतेला गेले आणि परतताना फ्लॉरेन्सला वारले. तेथील काशिने उद्यानात छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे, तो पगडी आणि अलंकारांसह. चेन्नईच्या एका क्लबने 2014 मध्ये वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेल्या न्यायमूर्तींना दारात अडवले, तेव्हा तमिळनाडूने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला. त्यांनी आपला पोशाख मानाने नेसून दारात उभे राहण्याचा हक्क मागितला. आमच्या भाऊजींना मात्र बर्मुड्याचा हक्क हवा होता.

एका बाबतीत मी जहाजवाल्यांवरही चिडलेली आहे. रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी उघड्या चपला घालू नयेत, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि त्यात आपली कोल्हापुरीही अडकते. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या नावाने मिरवली, ओरड झाल्यावर तिचे मूळ मान्य झाले, आणि तीच चप्पल सदरा-बंदगळ्याखाली जहाजावर चालत नाही, हे मला पटत नाही. सहल नेणाऱ्यांनी जहाज कंपनीला हे लेखी विचारावे, असे मी आज बैठकीत सांगितले आहे. तोपर्यंत बंद बूट घाला, कारण या भांडणात बायकोची रात्र वाया जायला नको.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. भाऊजी वाईट माणूस नाहीत. वहिनींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते रात्र-रात्र दवाखान्यात बसून होते. पण तिने हौसेने नेसलेली साडी पाहून आपणही जरा नीट तयार व्हावे, ही गोष्ट त्यांना कधी कोणी सांगितलीच नसावी. आपल्या मुलांना आपण ती सांगतो का? मुलीला फ्रॉक नीट कर म्हणतो आणि मुलाला "चालतंय रे" म्हणतो.

आपल्या सहलीला येणाऱ्या सर्व पुरुषांना माझी कळकळीची विनंती आहे की एक गडद बंदगळा किंवा कोट, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट, एक चांगली पँट आणि काळे बूट एवढे तरी बॅगेत घ्या. कोट अजून शिवायचा असेल तर दिवाळीपूर्वीच माप देऊन या. एकदा तुळशीची लग्ने लागून लग्नसराई सुरू झाली की महाद्वार रोडचा कोणताही शिंपी तुम्हाला तो वेळेवर देणार नाही.