'मानो पो'चा हात आणि हातातली चप्पल

फिलिपिन्समधली मुले घरात शिरताच आजोबांचा हात कपाळाला लावतात, असा एखादा व्हिडिओ मराठी गटांवर आला की खाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. पहिली: "बघा, त्यांनी जपलं, आपण घालवलं." दुसरी: "मास्तरांच्या हातातली छडी गेली तिथेच सगळं बिघडलं." पहिली अर्धी खरी आहे. दुसरीचा पहिलीशी काही संबंध नाही, आणि मनिलात राहणाऱ्याला ते रोज दिसते.

आधी तो हात नीट पाहू. 'मानो' म्हणजे स्पॅनिशमध्ये हात, आणि 'पो' हा मनिलाकडच्या टागालोग भाषेतला आदराचा शब्द. मूल 'मानो पो' म्हणते, किंचित वाकते, मोठ्यांचा उजवा हात खालून धरते आणि त्याची मागची बाजू कपाळाला टेकवते. ओठ लावायचे नसतात. नवखे परदेशी हमखास तिथेच चुकतात. दुसरी चूक म्हणजे आपण ताठ उभे राहून आजीचा हात वर ओढणे. डोके खाली जायला हवे, दुखऱ्या खांद्याची आजी वर यायला नको. मोठे माणूस उत्तर देते: 'काआवाआन का नांग द्योस', देवाची तुझ्यावर कृपा असो. घरात चार वडीलधारे असतील तर सर्वांत वृद्धापासून सुरुवात होते. बाहेरून आल्यावर, चर्चमधून परतल्यावर, आणि जुन्या वळणाच्या घरांत संध्याकाळी सहाच्या प्रार्थनेनंतर, ज्याला इथे 'ओरास्योन' म्हणतात. तिन्हीसांजेला शुभंकरोति म्हणून मोठ्यांच्या पाया पडणारे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फरक असा की आपला नमस्कार आता बहुतेक घरांत प्रसंगापुरता उरला: दिवाळी, परीक्षा, प्रवास. मानो रोजचा आहे आणि काही सेकंदांचा आहे, म्हणून टिकला. शिवाय त्याला उत्तर मिळते. (नाताळात तर उत्तराबरोबर नोटही मिळते. धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे निनोंग आणि निनांग, त्या दिवशी लपून बसतात हा इथला जुना विनोद आहे.)

भाषेतला आदर आणखी पक्का बसला आहे. 'हो'ला 'ओओ' न म्हणता 'ओपो', 'नाही'ला 'हिंदी पो', आभाराला 'सालामात पो'. 'पो' वाक्यात कुठेही टाकून चालत नाही. तो सुरुवातीच्या शब्दाला चिकटून येतो. शिवाय त्याच्यासोबत 'तू' चालत नाही, अनेकवचन लागते. "जेवलात का?" हे 'कुमाइन ना पो बा कायो?' असे होते. 'कायो' म्हणजे तुम्ही. 'पो' घातला पण 'का', म्हणजे तू, तसाच ठेवला तर ते 'आजोबा, जेवलास का हो?' इतके विचित्र लागते. अहो-जाहो करणाऱ्या मराठी माणसाला हा नियम एका दिवसात समजतो. घरातल्या हाका घ्या: थोरली बहीण 'आते', मधली 'दित्से', तिसरी 'सान्से', भाऊ अनुक्रमे 'कुया', 'दिको', 'सांको'. हे शब्द चिनी होक्किएन बोलीतून आले, आणि वयाने मोठ्या भावंडाला नुसत्या नावाने हाक मारणे जुन्या घरांत उद्धटपणाच ठरतो.

इथेच एक गंमत आहे. दक्षिणेकडच्या सेबुआनो भाषेत 'पो' नाहीच. म्हणून मनिलाच्या लोकांना तिकडच्या दावाओ-सेबू या शहरांतली माणसे तुटक वाटतात, आणि तिकडच्यांना हा आरोप अन्यायाचा वाटतो. त्यांचा आदर स्वरात, संबोधनात आणि कपाळाला लावलेल्या हातात असतो. दावाओत वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून बरीच मुले जातात, महाराष्ट्रातूनही. त्यांनी टागालोगच्या पुस्तकातून आदर शिकून दावाओच्या वॉर्डात तो मोजू नये.

आता चप्पल. इथल्या घरातली शिक्षा काही मवाळ नव्हती. 'पालो' म्हणजे फटका: हाताने, 'त्सिनेलास'ने म्हणजे रबरी चपलेने, पट्ट्याने, झाडूच्या दांड्याने. 'कुरोत' म्हणजे चिमटा, 'पिंगोत' म्हणजे कान पिळणे. सर्वांत नावाजलेली शिक्षा म्हणजे 'मोंगो'वर गुडघे टेकणे. मोंगो म्हणजे आपले मूगच. शुक्रवारी ज्याचे कालवण होते तेच कडधान्य जमिनीवर पसरायचे, मुलाने उघड्या गुडघ्यांनी त्यावर बसायचे, हात दोन्ही बाजूंना पसरायचे, कधी तळहातांवर पुस्तके. मुगाऐवजी तांदूळ किंवा जाडे मीठही चालायचे. आपल्याकडचा कोंबडा, अंगठे धरणे आणि उठाबशा हे याचेच चुलतभाऊ.

या शिक्षेचे समर्थक एक शिस्तही सांगतात: चूक आधी समजावायची, फटके मोजून, फक्त तळहातावर किंवा कुल्ल्यावर, आणि नंतर मुलाला जवळ घ्यायचे. कागदावर ठीक वाटते. प्रत्यक्षात बिघडते ते पहिल्याच पायरीला, कारण फटका मारावासा वाटतो तो रागात, आणि रागात कोणी समजावतही नाही, मोजतही नाही. एकाच्या चुकीसाठी सगळी भावंडे ओळीने उभी केली जातात. शेजाऱ्यांसमोर मारले की 'हिया', म्हणजे लाज, आत जाते. मूल चूक विसरते, लाज विसरत नाही. आणि मारणारा हात बदलत राहतो. सुमारे वीस लाख फिलिपिनो परदेशी कामाला असतात. मग घरी शिस्त लावते आजी, मावशी किंवा पंधरा वर्षांची 'आते', म्हणजे थोरली बहीण. आईने मोजून मारण्याचा नियम त्या आतेला कोणी शिकवलेला नसतो.

कायदा दारापाशी थांबतो. 1987 च्या कुटुंब संहितेच्या कलम 233 ने शिक्षकांना शारीरिक शिक्षा करायला मनाई केली; 2012 मध्ये शिक्षण खात्याने बालसंरक्षणाचे धोरण काढून शाळांसाठी ती तपशीलवार केली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिलीतल्या मुलाला चिमटे काढून ढकलणाऱ्या शिक्षिकेचा बाल अत्याचाराचा गुन्हा कायम ठेवला. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी त्याच न्यायालयाने म्हटले होते की मुलावर उचललेला प्रत्येक हात बाल अत्याचाराच्या कायद्यात बसत नाही. मुलाची अप्रतिष्ठा करण्याचा हेतू दिसावा लागतो. घराच्या आत पालकांना 'परिस्थितीनुसार' शिस्त लावण्याचा अधिकार त्याच कुटुंब संहितेत आहे. तो नियंत्रित करणारे विधेयक संसदेने संमत केले, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ते परत पाठवले. जबाबदारीने दिलेली शारीरिक शिक्षा आणि अत्याचार यांत फरक आहे, राज्याने घरात इतके शिरू नये, असा त्यांचा सूर होता. त्याच्या आदल्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने गुन्हेगारी जबाबदारीचे वय 15 वरून 12 वर आणायचे विधेयक मंजूर केले होते (सिनेटमध्ये ते अडले). म्हणजे मुलाला लवकर मोठे धरायचे, पण मार खाण्यापुरते लहानच ठेवायचे.

भारतातही भिंत तिथेच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. पालकाने मुलाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला जुन्या दंडसंहितेच्या कलम 89 मध्ये असलेली सवलत नव्या न्याय संहितेतही उतरली आहे. तेव्हा 'छडी परत आणा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की फिलिपिन्सच्या शाळेत छडी नाही, तरी त्याच शाळेतली मुले 'गुड मॉर्निंग पो' म्हणतात. शिक्षकाला इथे 'गुरो' म्हणतात. हा शब्द कुठून आला ते सांगायला नको. शिष्टाचाराचा विषयही 2020 च्या कायद्याने पहिलीपासून पुन्हा सक्तीचा झाला, छडीशिवाय.

मला जास्त खटकते ते मारापेक्षा गप्प बसणे. मोठ्यांना उलट बोलणे, 'सुमासागोत', हा इथे मोठा दोष. त्याच्या मागे 'उतांग ना लोओब' उभे असते: जन्म दिला, वाढवले, ते न फिटणारे ऋण. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम्नॅस्ट कार्लोस युलो आणि त्याच्या आईचा पैशांवरून वाद चव्हाट्यावर आला, तेव्हा आधी कोणी नमते घ्यावे यावर अख्खा देश भांडत होता. वृद्ध आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांना शिक्षा देणारे विधेयकही सिनेटर पिंग लॅक्सन यांनी एकाहून अधिक वेळा मांडले, आणि तरुणांनी विचारले की ज्या बापाने टाकले त्यालाही पोसायचे का. आपल्याकडे 2007 पासून असा कायदा आहे. ज्येष्ठांना टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. टाकून गेलेल्या बापाचा हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो.

उलट बोलता येत नाही त्या घरात मूल काय करते? 'ताम्पो' करते, म्हणजे रुसते. जेवत नाही, हाकेला ओ देत नाही, कोपऱ्यात तोंड फिरवून बसते. मोठ्यांनी ते ओळखून 'सुयो' करायचा असतो, म्हणजे समजूत काढायची: आवडीचे खायला ठेवायचे, बाजूला जाऊन बसायचे, काही न विचारता. क्षमा मागायची नसते, पण पहिले पाऊल मोठ्यांचे असते. कोणी हरल्याचे जाहीर करावे लागत नाही. गोष्ट अडते ती आई दुबईत असते तेव्हा. रुसलेले मूल व्हिडिओ कॉलवर 'ओपो, ओके लांग पो', म्हणजे 'हो, ठीकच आहे', म्हणते आणि फोन बंद होतो. कोपऱ्यात वळवलेले तोंड कॅमेऱ्यात येत नाही.