बीपी, मिशरी आणि पँटचा नंबर

"मला काहीच त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला?" हे घरोघरी ऐकू येतं आणि घात तिथेच होतो. वाढलेलं बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर ही तिन्ही वर्षानुवर्षं न दुखवता रक्तवाहिन्या खराब करतात. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला दिसला. त्यातल्या बहुतेक आपल्या हातातल्या आहेत.

बीपी घरी मोजा, पण नीट मोजा. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसा. मशीनचा पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. हात लोंबकळत असेल किंवा जाड दंडाला लहान पट्टा बांधला असेल, तर आकडा उगाच जास्त येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी (गोळीआधी) आणि संध्याकाळी, सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि कृपा करून, १२४/७८ आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच आलंय! मनाने थांबवली की बीपी बहुतेक वेळा पुन्हा चढतं.

बायकांना "सिगारेट ओढता का?" विचारून काय कळणार? "मिशरी लावता का, दिवसातून किती वेळा?" असं विचारा. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण दात घासायची म्हणून ती कुणी व्यसनात धरत नाही. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं. नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, पापड-लोणचं-फरसाण धरून. सैंधवातही सोडियमच असतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय नको.

पोटाचा घेर पँटच्या नंबरावरून ठरवू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा आजार झाला असेल, तर चाळिशीची वाट न बघता लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या.