फेब्रुवारीत गावाला कुलूप असतं

भूगोलाच्या प्राध्यापकांच्या संशोधनाचा विषय निघाला की गाडी लगेच दर्जावर येते. वाचत नाहीत, कॉपी-पेस्ट करतात, पैसे भरून छापतात. काही जण करतात, नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार त्याच्याही अलीकडची आहे. कशावर संशोधन करायचं, हेच आता बढतीसाठीच्या गुणांचा तक्ता ठरवायला लागलाय.

तक्ता साधा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत एका शोधनिबंधाला कलाशाखेत १० गुण, विज्ञानशाखेत ८. (भूगोल कुठे कलाशाखेत, कुठे विज्ञानशाखेत. तो आमचा जुना घोळ आहे, सोडा.) लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे एकट्याने एक निबंध लिहिला की १० गुण, आणि दोघा मित्रांनी एकेक लिहून एकमेकांची नावं घातली की दोघांनाही १४. स्टाफरूममध्ये हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. वर्षभर गावोगाव फिरून लिहिलेल्या निबंधालाही मूळ गुण तेवढेच.

मग माणूस जनगणना उघडतो. एक जिल्हा घ्यायचा, तालुकावार साक्षरता, लिंग गुणोत्तर, घनता, २००१ आणि २०११ ची तुलना, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत नकाशा, झाला निबंध. पुढच्या खेपेला जिल्हा बदलायचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे ‘सद्यःस्थिती’ म्हणून अजून तेच आकडे फिरतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या आकड्यांत तो ठाण्यातच आहे, तालुके वेचून जोडावा लागतो.

आकडे जुने आहेत हे एक वेळ चालवून घेऊ. ते कधी गोळा झाले ते बघा. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाथर्डी या बीड-अहिल्यानगरच्या पट्ट्यातले कोयते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतानाही दोघं मिळून एक कोयताच.) गावात घराला कुलूप, मागे म्हातारी माणसं आणि शाळेपायी ठेवलेली पोरं. त्या सगळ्या काळात जो गावी नव्हता तो मोजला गेला असेल तर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. अशा तालुक्याची घनता आणि लिंग गुणोत्तर दोन दशांशांपर्यंत काढून आपण निष्कर्ष लिहितो, तेव्हा नक्की कुणाबद्दल लिहितो? टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला विचारलं तर तो कोणत्या गावातून किती कोयते कुठे गेले ते वहीतून वाचून दाखवेल. त्याची वही बघायला जाणाऱ्याला गुण नाहीत.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. तो विषय लावून धरला पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी. स्थलांतर, श्रम, आरोग्य, पाणी, सगळं आमच्या अभ्यासक्रमात आहे. आम्ही तेव्हा फायली लावत होतो.

फायली म्हणजे नॅक, कॉलेजचं मूल्यांकन. कार्यक्रमाचा प्रत्येक फोटो जिओटॅग केलेला (ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जोडलेला) लागतो, आणि ते काम हमखास भूगोलवाल्याकडे येतं. ‘सर, तुमचाच विषय ना!’

अंगात धमक आहे, गावची भाषा येते, फिरायची तयारी आहे, अशी बरीच तरुण मंडळी तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास तेवढेच पैसे, आणि तेही महिनोन्महिने लटकलेले. त्यांनी जानेवारीत फडावर जायचं म्हणजे पगार बुडवून जायचं. नेट, सेट, पीएचडी सगळं असूनही.

‘मग काय मोजायचं?’ असं एका ज्येष्ठ सरांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. नुसत्या सेवाज्येष्ठतेवर बढत्या मिळायच्या तेव्हाही फार दिवे लागले नव्हते. पण ज्यांत छापलं की गुण मिळतात त्या नियतकालिकांच्या यादीचं काय झालं ते पाहिलंच आपण. मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढली, मग ‘केअर’ नावाची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. यादी बदलते, मोजायची तऱ्हा तीच राहते. माझ्या मते गावसर्वेक्षणाचा कच्चा डेटा आणि मराठीतला अहवाल विद्यापीठात जमा केला, दुसऱ्याला वापरता आला, तर त्याला निबंधाइतकेच गुण द्यावेत. आणि रिफ्रेशर कोर्सला मिळते तशी ड्युटी लीव्ह फील्डवर्कलाही द्यावी, तीही हंगामात. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर फडावर कोण भेटणार?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे शिरगणती पुन्हा ऐन गाळपात. बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूचे आणि सांगली-कोल्हापूरकडचे भूगोलवाले मिळून त्या तीन-चार आठवड्यांत एकाच वेळी दोन्हीकडे असले पाहिजेत. काहींनी गावात कुलपं मोजायची, काहींनी फडावर कोप्या. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये तालुका कळवा. तासिकावाल्यांच्या प्रवासखर्चाचं काय करता येईल, तेही कुणी सुचवा.